नऊ फ्रॉकांवरची नदी

३ फेब्रुवारी २०१४, सोमवार. सकाळी सव्वाअकरा वाजता काजूताईंच्या हातात एक खाकी पाकीट पडलं. आत सहा हजार दोनशे चौदा रुपये होते. सव्वीस वर्षांच्या कामाचा तो शेवटचा हिशोब होता, आणि पाकीट देणारे होते त्यांचे सख्खे धाकटे दीर.

या दिरांना सगळे मास्टर म्हणत. चौकातलं शिवणकामाचं दुकान त्यांचं. पुढच्या भागात मास्टर मापं घेत, कापड कापत, गिऱ्हाइकांशी गोड बोलत. मधल्या भागात तीन मशिनं चालत. आणि अगदी मागे, खिडकीपाशी, एका उंच स्टुलावर ताई बसत. शिवून आलेल्या प्रत्येक कपड्याला काजं करायची, बटणं लावायची, खालची पट्टी दुमडून हातशिलाई घालायची, हे त्यांचं काम. कपडा त्यांच्याकडे यायचा तो शेवटचा. त्यांच्या पुढे फक्त इस्त्री. काजं करणाऱ्या म्हणून पोरांनी कधीतरी काजूताई म्हणायला सुरुवात केली आणि पुढे खरं नाव फक्त रेशनकार्डापुरतं उरलं.

जानेवारीच्या अखेरीला मास्टरांनी काजं करणारं मशीन आणलं आणि तो उंच स्टूल रिकामा करण्याची वेळ आली.

“वहिनी, मनाला लावून घेऊ नका,” मास्टर म्हणाले. “मशीन मिनिटाला आठ काजं पाडतं. चहा मागत नाही, चष्मा हरवत नाही.”

“आणि बोलतही नसेल.”

“तोच तर मोठा फायदा!”

मधल्या भागातली तिन्ही मशिनं एकदम थांबली. कारागिरांना हसावं की नाही ते कळेना. ताईंनी पाकीट पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन लावली आणि वर बोट दाखवलं.

“माळ्यावरची पोती मला द्या, भावजी.”

“कातरणाची? ती सात पोती? आनंदाने न्या. टाकायला माणूसच बोलावणार होतो. पण करणार काय त्याचं?”

“फ्रॉक.”

“बाहुल्यांचे?”

“माणसांचे.”

मास्टर दुकानाच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं हसले. “वहिनी, तुकडे जोडून पायपुसणं होतं. फ्रॉक व्हायला कापड लागतं.”

दुपारी एका हातगाडीवरून सात पोती सायकलच्या दुकानावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत आली.

त्यांचे यजमान जिन्यातच उभे होते. बस डेपोत चौतीस वर्षं गाड्यांच्या वेळा नोंदवून ते निवृत्त झाले होते आणि अजूनही टाइमकीपर याच नावाने ओळखले जात. सवय अशी जडलेली, की आंघोळीला गेले तरी ‘सहा पन्नासला गेलो, सात पाचला आलो’ असं सांगत.

“अगं, ही पोती राहणार कुठे?”

“पलंगाखाली तीन, कपाटावर दोन, स्वयंपाकघरात एक.”

“सहा झाली. सातवं?”

“तुमच्या खुर्चीच्या जागी.”

“म्हणजे मी उभ्याने पेपर वाचायचा?”

“चौतीस वर्षं फलाटावर उभेच होतात की.”

टाइमकीपरांनी घड्याळात पाहिलं आणि पोतं उचलायला हात लावला. भांडणाला आपल्याला वेळ नाही, असं दाखवायची त्यांची ही पद्धत होती.

ताईंना फ्रॉकांचा नाद काही त्या दिवशी लागला नव्हता. गेली कित्येक वर्षं त्या दर रविवारी जुन्या कपड्यांच्या बाजारात जात. तिथे ढिगाने कपडे मांडलेले असतात. बाकीच्या बायका त्यातून अंगात घालण्याजोगं शोधतात, ताई कापण्याजोगं शोधत. कॉलर फाटलेले पण पाठ धड असलेले शर्ट, कडेने विटलेले पडदे, मोडक्या छत्रीचं कापड, कुणाच्या तरी कोटाचं चमकतं अस्तर. घरी आणून उकळत्या पाण्यात घालत, दोरीवर वाळवत, आणि मग कात्री लावण्याआधी दोन-दोन दिवस नुसत्या बघत बसत. शेजारीणबाई विचारत, “ताई, कापडाशी बोलता की काय?” ताई म्हणत, “मी कशाला बोलू? ऐकते.”

त्यातून निघणारे फ्रॉक मात्र भलते असायचे. एकाला खालच्या घेराला चौदा शर्टांच्या कॉलरी एकावर एक लावलेल्या, माशाच्या खवल्यांसारख्या. एकाची बाही छत्रीच्या कापडाची. हात वर केला की ती उघडायची, खाली घेतला की मिटायची. आणि सगळ्यांवर काजं. जिथे बटण नाही, बटणाची गरजही नाही, तिथेही काजं. ताई एक बारीक चीर पाडत, तिच्या कडा रेशमी धाग्याने बांधत, आणि आतून लाल नाहीतर रुपेरी कापडाचं जिभेएवढं टोक बाहेर डोकवायला लावत. मग ती चीर कधी पक्ष्याचा डोळा व्हायची, कधी माशाचं अंग, कधी नुसतीच खिडकी. सव्वीस वर्षं सरळ रेषेत केलेली काजं आता वाकडी व्हायला मोकळी झाली होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या मुलीने त्यांचा अकरा खिशांचा फ्रॉक घातला आणि ती शाळेतल्या गाण्याच्या वर्गाला गेली. अकरा खिशांत तिने अकरा वस्तू ठेवल्या होत्या आणि वर्ग सुरू असताना एकेक काढून ती तपासत होती. गाण्याच्या बाई तिला रागवायला म्हणून जवळ गेल्या आणि फ्रॉकच बघत राहिल्या. संध्याकाळी पाच वाजता त्या ताईंच्या जिन्यात.

गाण्याच्या बाई म्हणजे उंच, सडसडीत, सतत घाईत असलेल्या. बसायला जागा नव्हती, म्हणून त्या पोत्यावरच बसल्या.

“१२ एप्रिलला वाचनालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. माझ्या नऊ मुली गाणार आहेत, नदीचं गाणं. नवांची उंची वेगळी, आवाज वेगळा, आणि प्रत्येकीला वाटतं की मधे मीच उभी राहणार. रोज रांग लावते, रोज मोडतात. मला असं काही हवंय की कपडे बघूनच कळेल कोण कुठे ते.”

“नंबर घाला पाठीवर,” टाइमकीपरांनी उभ्या उभ्या सुचवलं.

“अहो, मुली आहेत, बसगाड्या नाहीत,” ताई म्हणाल्या. मग त्यांनी जमिनीवर खडूने नऊ उभ्या चौकटी काढल्या आणि पहिल्या चौकटीच्या खांद्यापासून शेवटच्या चौकटीच्या तळापर्यंत एकच वाकडीतिकडी रेघ ओढली. “नदी. सर्वांत उंच मुलीच्या खांद्यावर उगम. प्रत्येकीच्या फ्रॉकवरून वाहत वाहत शेवटच्या धाकटीच्या घेरात संपते. कुणी जागा सोडली की नदी तुटली. सगळ्यांना दिसणार.”

गाण्याच्या बाई त्या रेघेकडे पाहत उठल्या. त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं, “ताई, पांढरे फ्रॉक भाड्याने देतो असं मास्टर म्हणालेत. तयार आहेत, स्वस्तही आहेत. शाळेचं म्हणणं तेच घ्या. पण तुमचे नऊ वेळेवर आणि नीट झाले, तर शाळेच्या रंगमंचाचे वर्षभराचे कपडे तुमच्याकडे. मी लेखी देते. नाही झाले, तर मात्र पुन्हा मला शाळेपुढे तोंड उघडता येणार नाही.”

त्या गेल्यावर टाइमकीपर म्हणाले, “म्हणजे झाले तर स्वतःचं काम, आणि नाही झाले तर धाकट्याच्या दुकानात पुन्हा पट्ट्या दुमडायला.”

“तेही भावजींनी घेतलं तर,” ताई म्हणाल्या.

फ्रॉकांची अंगं झाली ती अठरा शर्ट, चार पडदे आणि दोन टेबलक्लॉथ यांच्यातून. हिरवट, मातकट, पिवळसर तुकडे असे जुळवले की लांबून शेतं वाटावीत. अडचण होती निळ्याची. नदी एकसारखी निळी हवी, आणि जुन्या बाजारात एकाच निळ्याचं एवढं कापड मिळेना. मग एके दुपारी सातव्या पोत्याच्या तळाशी ताईंना एक गुंडाळी सापडली. कोरं पॉपलीन, गडद निळं, नऊ हात लांब. कडेला गिरणीचा शिक्काही तसाच. कुठल्या तरी थानाचं शेवटचं टोक कुणी चुकून कातरणात टाकलं असणार.

ताईंनी ती गुंडाळी गालाला लावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाट्याला कोरं कापड आलं होतं. “बघा हो,” त्या म्हणाल्या, “शिक्का आहे शिक्का!” आणि त्याच दुपारी त्यांनी नदी कापली.

इथेच ती चूक झाली, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. शिवण शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात की कोरं कापड आधी भिजवून, वाळवून घ्यायचं, कारण पहिल्या पाण्यात ते आटतं. पण ताईंचं शिक्षण शेवटाकडून झालेलं. दुकानात त्यांच्या हाती कपडा यायचा तो शिवून झालेला. भिजवण्याचं काम केव्हाच कुणीतरी उरकलेलं असायचं. आणि घरी त्या शिवायच्या ते जुनं, शंभर वेळा धुऊन आटायचं तेवढं आटून बसलेलं. ते उकळायच्या तेही आटण्यासाठी नव्हे, स्वच्छतेसाठी. कोरं कापड तर स्वच्छच होतं. शिक्का होता की.

७ एप्रिलला नऊ फ्रॉक तयार झाले. नदीत पंचेचाळीस मासे, म्हणजे पंचेचाळीस काजं, प्रत्येकातून रुपेरी अस्तर चमकणारं. मुलींना रांगेत उभं केल्यावर गाण्याच्या बाई दाराशी जाऊन लांबून बघून आल्या. नदी खांद्यावरून निघाली ती थेट शेवटच्या घेरात.

मग एक आई बोलली. चौकातलं औषधांचं दुकान चालवणाऱ्या त्या बाई. त्यांची मुलगी रांगेत चौथी.

“दिसतंय छान. पण हे कापड कुणाचं? कुठून आलं? कुणाच्या अंगावरचं? माझी मुलगी हे असंच घालणार नाही. लाँड्रीत चांगल्या कढत पाण्यात धुऊन घ्या.”

बाकीच्या आयांनी माना डोलावल्या. ताईंना राग आला नाही. उलट चेव आला.

“उकळा खुशाल! या कापडाने शंभर धुणी पाहिलीत. एका सुताने हललं तर माझं नाव बदला.”

“तुमचं नाव आधीच बदललेलं आहे,” टाइमकीपर पुटपुटले.

औषधवाल्या बाईंनी स्वतःच गठ्ठा बांधून लाँड्रीत नेला.

बुधवारी, ९ तारखेला सकाळी साडेनऊला लाँड्रीवाले गठ्ठा घेऊन स्वतः आले. जिना चढताना एरवी शीळ घालणारा हा माणूस आज एकेक पायरी थांबत चढला. गठ्ठा ठेवून ते दारातच थांबले.

ताईंनी पहिला फ्रॉक उलगडला. नदी आक्रसली होती. कुणी निळ्या दोरीने फ्रॉक आवळून धरावा तसं झालं होतं. दोन्ही बाजूंची शेतं गोळा होऊन त्यांना सुरकुत्या पडल्या होत्या. दुसरा तसाच. तिसरा तसाच. नऊ फ्रॉक जमिनीवर ओळीने मांडले तर एकाची नदी दुसऱ्याला मिळेना. दुसरीवरून निघालेली नदी तिसरीच्या कुशीजवळ चार बोटं वर जाऊन आदळत होती. मासे तिरपे होऊन तोंडं वासून पडले होते.

“मी फक्त पाणी गरम केलं हो,” लाँड्रीवाले म्हणाले. “सांगितलं तसं. चौकातही सगळ्यांना हेच सांगून आलोय.”

ताई खाली बसल्या. किती तरी वेळ त्या फक्त हातात घेऊन बघत होत्या. मग त्यांनी एका फ्रॉकवरची शर्टाची बाजू ताणून पाहिली, पडद्याची पाहिली, टेबलक्लॉथची पाहिली. सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांनी नदीची कड उलटली. आत गिरणीचा शिक्का अजून दिसत होता.

“बातमी नऊ चाळीसला फुटली,” टाइमकीपर हळूच म्हणाले, कारण जिन्यात पावलं वाजत होती.

आधी आल्या गाण्याच्या बाई, त्यांच्यामागे औषधवाल्या बाई, आणि त्यांच्यामागे, हातात मापाची टेप घेऊन, मास्टर. पांढऱ्या फ्रॉकांसाठी मुलींची मापं घ्यायची झाली तर तयारी असावी म्हणून आलो, असं ते म्हणाले. फ्रॉकांकडे एकदा पाहून त्यांना सगळं समजलं.

“अहो वहिनी! कोरं पॉपलीन न भिजवता? माझ्याकडचा कालचा शिकाऊ उमेदवारसुद्धा ही चूक करणार नाही!”

“नाहीच करणार,” ताई म्हणाल्या. “त्याला कोरं कापड मिळतं ना रोज.”

“मी फक्त जंतूंसाठी म्हटलं होतं,” औषधवाल्या बाई मधेच बोलल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “मला काय माहीत—”

“तुमचं काय चुकलं? बरं झालं. उद्या स्टेजवर घामाने आटलं असतं तर?” ताई उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांचा आवाजही उभा राहिला होता. “तुमच्या कढत पाण्याने चोर पकडून दिला. बघा, हात लावून बघा. कुणाकुणाच्या अंगावरचं जुनं आहे ते एका सुताने हललेलं नाही. दगा दिला तो कोऱ्याने.”

गाण्याच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. “ताई, शनिवारी कार्यक्रम. शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत मला सांगावं लागेल. त्यानंतर पांढरे.”

“दोनला या. फ्रॉक घ्यायला या.”

“पण नदी कशाची करणार?” मास्टरांनी विचारलं. आता ते हसत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “एका निळ्याचं जुनं कापड तुम्हाला महिनाभर मिळालं नाही.”

ताईंनी मास्टरांकडे पाहिलंच नाही. त्या औषधवाल्या बाईंकडे वळल्या.

“तुमच्या घरात निळं काय आहे? जुनं हवं. जितकं धुतलेलं तितकं चांगलं. कुठलंही निळं.”

“अगदी कुठलंही?”

“फिकट, गडद, आकाशी, विटकं. फक्त कोरं नको. नऊ घरांना सांगा. बारा वाजेपर्यंत.”

पर्स काखेत मारून औषधवाल्या बाई जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरल्या. औषधांची मागणी रोज फोनवर घेणारी बाई ती. पाऊण तासात नऊ घरं हलली.

बारापर्यंत टाइमकीपरांच्या नसलेल्या खुर्चीच्या जागी निळ्याचा डोंगर झाला. कारखान्यातल्या वडिलांचा कामाचा पोशाख आला, तेलाचे डाग न निघालेला. आजोबांचा पायजमा आला. पाळण्याचं आच्छादन आलं, खिडकीचा पडदा आला, गुडघ्याला विरलेली जीन्स आली. दोन घरांतून चादरी आल्या. लाँड्रीवाल्यांनी आपल्या इस्त्रीच्या टेबलावरचं निळं कापड काढून आणलं. त्याच्यावर वर्षानुवर्षं इस्त्री एकाच जागी ठेवल्याने तिच्याच आकाराचा फिकट ठसा उमटला होता. सर्वांत शेवटी औषधवाल्या बाई आल्या आणि त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी ताईंच्या हातात कोंबलं.

“माझा झोपायचा गाउन आहे. बारा वर्षांचा. सोडवत नव्हता. कुणाचा आहे ते सांगू नका बरं का.”

“नदीला कोण विचारतंय,” ताई म्हणाल्या.

ताईंनी सगळं निळं गडदपासून फिकटापर्यंत लावलं. मधे एक जागा राहिली: फार गडद नाही, फार फिकट नाही. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. टाइमकीपरांनी लगेच दुसरीकडे पाहिलं.

“नाही हं. डेपोचा निळा युनिफॉर्म आहे तो. निवृत्तीच्या दिवशी घातलेला.”

“दोन आहेत.”

“दुसऱ्याला बटण नाही.”

“मग तोच द्या. बटण नकोय मला.”

ते कपाटाकडे गेले, शर्ट काढला, दोन्ही खिसे चाचपून पाहिले. एका खिशात एक पेन्सिलीचं थोटुक निघालं; ते कानावर ठेवून त्यांनी शर्ट पुढे केला. “बारा त्रेपन्नला दिला. लिहून ठेव.”

बुधवारची दुपार आणि गुरुवार सकाळचे चार तास उसवण्यात गेले. उसवणं हे शिवण्यापेक्षा अवघड. टाका जावा पण कापडाला कळू नये. औषधवाल्या बाई दुकान नवऱ्यावर सोपवून चिमटा घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांचा हात हलका होता. ताई कापत होत्या, टाचत होत्या, शिवत होत्या. उजेड गेला की काम बंद. दिव्याखाली निळे रंग खोटं बोलतात असं त्यांचं म्हणणं, आणि अशा घाईतही त्यांनी ते मोडलं नाही. टाइमकीपर दर अर्ध्या तासाने वेळ सांगत. शेवटी ताई म्हणाल्या, “अहो, गाडी सुटणार आहे का माझी?” त्यानंतर ते फक्त चहा आणत, पण चहा किती वाजता आणला ते सांगतच.

उरले मासे. पंचेचाळीस काजं. गुरुवारी चारनंतर नऊ झाली. शुक्रवारी सकाळी सात वाजता, उजेड पुरेसा होताच, ताई खिडकीशी बसल्या. चीर, धागा, कड, गाठ. चीर, धागा, कड, गाठ. सव्वीस वर्षं त्या उंच स्टुलावर जे बोटांत मुरलं होतं ते आता पाण्यासारखं वाहत होतं. मशीन मिनिटाला आठ काजं पाडतं हे खरं, पण ते सरळ पाडतं. हे मासे वळत होते, प्रवाहाच्या उलट पोहत होते, एक तर उडी मारत होता. आणि लाँड्रीवाल्यांच्या कापडावरचा इस्त्रीचा ठसा ताईंनी जसाच्या तसा ठेवला. पाचव्या फ्रॉकवर, नदीच्या मधोमध, तो बरोबर एका होडीसारखा दिसत होता.

पंचेचाळिसावा मासा एक वाजून अडतीस मिनिटांनी झाला. ही वेळ टाइमकीपरांनी न विचारता सांगितली आणि ताईंनी त्यांना काहीच म्हटलं नाही.

दोनला गाण्याच्या बाई आल्या. नऊ फ्रॉक दोरीवर ओळीने टांगले होते. उगमाशी गडद निळी चादर, मग वडिलांचा पोशाख, मग युनिफॉर्म, मग पडदा, जीन्स, गाउन, पायजमा, आणि शेवटी पाळण्याचं आकाशी, जवळजवळ पांढरं. एकसारखी निळी नदी चित्रातली वाटत होती. ही खरी वाटत होती. हिला खोली होती, उथळ पाणी होतं, ऊन होतं.

“पांढरे रद्द,” गाण्याच्या बाई म्हणाल्या आणि पुन्हा पोत्यावर बसल्या.

शनिवारी वाचनालयाचं नवं सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत ताई आणि टाइमकीपर, मागे मास्टर सहकुटुंब. पडदा सरकला, मुली चालत आल्या, उभ्या राहिल्या, आणि ताई खुर्चीत पुढे सरकल्या. तिसरी आणि चौथी अदलाबदल होऊन उभ्या होत्या. नदी तिसऱ्या जागी खाली पडली होती आणि चौथ्या जागी वर चढली होती.

गाण्याच्या बाईंची पाठ प्रेक्षकांकडे. त्यांनी हातवारे केले, मुलींना कळेना. तेव्हा तिसऱ्या रांगेतून, चौतीस वर्षं डेपोत घुमलेला आवाज सभागृहात घुमला:

“तीन नंबर, चार नंबर! जागा बदला!”

दोघी मुली दचकून बदलल्या. नदी जुळली. आणि मग सभागृहात आधी एक मोठं ‘अरेच्चा’ उमटलं. तोपर्यंत लोकांना ते नऊ वेगवेगळे फ्रॉक वाटले होते. आता त्यांच्या डोळ्यांसमोर उंच मुलीच्या खांद्यावरून निघालेली नदी धाकटीच्या घेरात येऊन पोचली. गाणं सुरू व्हायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेपर्यंत गाण्याच्या बाईंना हात वर धरून उभं राहावं लागलं. दुसऱ्या कडव्याला मुली डोलायला लागल्या, तशी नदीही डोलली आणि पंचेचाळीस मासे दिव्यांखाली चमकले.

कार्यक्रमानंतर आया आपापलं निळं शोधून इतरांना दाखवत होत्या. “हा आमचा पडदा बरं का.” “हे यांच्या कामाचे कपडे.” औषधवाल्या बाईंनी चार दिवस कुणाला कळू दिलं नव्हतं, पण आता त्यांना राहवेना. सहाव्या फ्रॉककडे बोट दाखवून त्या मोठ्याने म्हणाल्या, “आणि तो माझा गाउन!”

मास्टर रंगमंचाच्या पायऱ्यांपाशी भेटले. त्यांनी धाकटीचा फ्रॉक हातात धरून घेर उलटा केला, शिलाई पाहिली, एका माशावरून अंगठा फिरवला.

“हे मशीन नाही करू शकत,” ते म्हणाले.

“नाही.”

“बरं.” मग त्यांच्यातला मास्टर गप्प बसेना. “पण वहिनी, पुढच्या वेळी कापड भिजवून घ्या.”

“पुढच्या वेळी कोरं घेतलं तर ना, भावजी.”

मास्टर हसले, पण या वेळी त्यांचं हसणं दारापर्यंत पोचलं नाही, दोघांपुरतंच राहिलं. आठवड्याने त्यांनी विचारलं की दुकानाच्या दर्शनी काचेत एखादा फ्रॉक लावायला देता का. ताईंनी सांगितलं की सध्या वेळ नाही.

खरोखरच नव्हता. सोमवारी गाण्याच्या बाई शाळेच्या शिक्क्याचं पत्र घेऊन आल्या: जूनमध्ये नाटकाचे सोळा कपडे, ऑगस्टमध्ये नाचाचे बावीस, पुढचे पुढे. औषधवाल्या बाईंनी आपल्या दुकानामागची रिकामी खोली भाड्याने दिली. तिथे मोठी खिडकी आहे, एक लांब टेबल आहे आणि नऊ घरांतून न सांगता येत असलेल्या जुन्या कपड्यांसाठी दोन कपाटं आहेत. सातव्या पोत्याच्या जागी खुर्ची परत आली, पण टाइमकीपर बहुतेक वेळ खोलीवरच असतात. कुणाचं माप कधी घेतलं, कोण किती वाजता आलं, हे ते एका वहीत लिहितात.

मे महिन्याच्या पाच तारखेला खोलीच्या दारावर पाटी लागली. पांढऱ्यावर निळी अक्षरं: ‘काजूताई. फ्रॉक, जुन्या कापडाचे.’

पाटी रंगवणाऱ्याचे पंचेचाळीस रुपये अजून द्यायचे आहेत; तेही टाइमकीपरांनी वेळेसकट वहीत लिहून ठेवलं आहे.